भाचीला चित्रं दाखवू द्या
हात बसेपर्यंत भाचीने चित्रं कुणाला दाखवू नयेत, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. इलस्ट्रेशन शिकताना माझी दोन वर्षं तशीच वहीत गेली. मग कॉमिक्स काढणाऱ्यांच्या एका गटात शिरले आणि 24 तासांत 24 पानं काढायचं आव्हान घेतलं. (अमेरिकन कॉमिक्सकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी 1990 मध्ये सुरू केलेलं.) अकराव्या पानावर नायिकेचा डावा हात दर चौकटीत वेगळाच दिसत होता, पण खोडायला वेळ कुठे होता! शेजारची अनुभवी चित्रकार पान बघून एवढंच म्हणाली, "संवादाचा फुगा डावीकडे घे, नजर आधी तिकडे जाते." हाताबद्दल अवाक्षर नाही. ती गोष्ट वाचत होती! फुगा हलवला आणि पान खरंच सुटसुटीत झालं. त्यानंतर मी एकही पान लपवलेलं नाही. भाचीची चार पानं पूर्ण असतील तर तिला अशा एखाद्या गटात जाऊ द्याच.