प्रतिसाद: खोलीभाडं कर्जात धरतात, पण...

"शैक्षणिक कर्जात फक्त फी बसते, राहण्याखाण्याचं घरूनच बघावं लागतं" असं वर म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. होस्टेल-मेसचा खर्च बँका धरतात, फक्त तो मंजुरीच्या वेळीच अंदाजपत्रकात दाखवावा लागतो. मी नवी मुंबईत नेरुळला तिघींत एक खोली घेऊन राहिले तेव्हा घोळ वेगळाच झाला. फी थेट कॉलेजच्या खात्यात जायची, पण भाड्याचे पैसे पावत्या दाखवल्यावरच. आणि घरमालक पावती द्यायला तयार नाही! (डिपॉझिट तर कर्जात धरलंच नव्हतं, ते बाबांनी भिशीतून उभं केलं.)

दुसऱ्या वर्षी हिशेब मांडला. हप्ते सुरू व्हायच्या आधीही व्याज चढतच असतं, म्हणजे डब्याच्या पैशांवरसुद्धा. मग ठाण्याला मावशीकडे गेले. ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ठाणे-नेरुळ थेट गाडी, कॉलेजचा कन्सेशन फॉर्म दिला की पास निम्म्या पैशांत. खोलीचे पुढचे पैसे उचललेच नाहीत. मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायलाच हवी असं नसतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मावशीने भाडं घेतलं नाही, पण तिच्या धाकट्याची गणिताची शिकवणी तेवढी माझ्या गळ्यात पडली.