मसाल्याच्या जुन्या गोदामात गेलात का कधी? (अनुभव धागा)

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडे वर्षाच्या मसाल्याची यादी निघते. सासूबाईंच्या अक्षरातली, दगडफूल नि नागकेशराची मापं तोळ्यांत लिहिलेली. यंदा ती वाचताना मन सारखं कोचीच्या मट्टांचेरीत जात होतं. जानेवारीत आम्ही दोघं पूर्णा एक्सप्रेसने पुण्याहून कोचीला गेलो होतो. १५६८ सालचं 'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ पाहून बाहेर पडलो, तर ज्यू टाउनच्या गल्लीत एका जुन्या गोदामाचं दार उघडं दिसलं. विचारलं, तर त्यांनी आत बोलावलं.

मधल्या चौकात सुंठ वाळत होती, चुन्यात घोळवलेली, पांढरीफटक. बायका सावलीला बसून चाळत होत्या. आतल्या अंधारात मिरीचा ढीग. मी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर घामाच्या धारा, आणि ढिगाच्या आत गारवा! तिथल्या वयस्कर मुकादमांनी मूठभर मिरी पाण्यात टाकून दाखवली. भरलेला दाणा खाली बसतो. पोचट दाणा आणि भेसळीची पपईची बी वर तरंगते. त्या भागातली कितीतरी गोदामं पुढून बाजाररस्त्याला आणि मागून थेट पाण्याला लागलेली आहेत. माल मागच्या दारानेच होडीत चढायचा. याच मिरीपायी पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांच्याकडून कोची घेतलं. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. पोत्यांना टेकून उभी राहिले तेव्हा ते खरं वाटलं.

दहाएक मिनिटांत मला वास येईनासा झाला. मुकादम मोडक्या हिंदीत म्हणाले, "आम्हालाही येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी काळजी. कुठेतरी ओल शिरलेली असते."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. तुमच्यापैकी कोण अशा गोदामात गेलंय, किंवा तिथे काम केलंय? पुण्यातलं असो, बाहेरचं असो, सविस्तर लिहा.

*

(हडपसरहून)

ताई, ओलीचं वाचलं आणि वडील डोळ्यांसमोर आले. ते भवानी पेठेत हमाल होते, बाजार गुलटेकडीला गेला तसे मार्केट यार्डात गेले. मी दहा वर्षांची असताना एकदा डबा द्यायला मिरचीच्या गोदामात गेले. दारातच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. ते हसले नाहीत. पदर ओला करून तोंडावर धर म्हणाले, आईचा पदर नव्हता म्हणून स्वतःचा पंचा भिजवून दिला.

पोती जमिनीवर कधीच नव्हती, खाली लाकडी फळ्या. भिंतीपासूनही हातभर लांब. मी विचारलं, एवढी जागा वाया का घालवता? म्हणाले, "भिंत पाणी पिते बाळा, आणि पोतं भिंतीचं पाणी पितं."

घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्यांनी माझ्या धाकट्या भावाला कधी उचललं नाही. त्यांचे कपडे आई वेगळे धुवायची, तरी तिच्या हातांची आग व्हायची. मसाल्याच्या व्यापाराबद्दल लोक बोलतात तेव्हा जहाजं नि राजे येतात, पाठीवर पोतं वाहणारा माणूस येत नाही. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली म्हणून आमच्या वडिलांना मजुरीबद्दल तोंड उघडता आलं. हे मला इथे लिहायचंच होतं.

*

(कोथरूड, मूळ सांगलीचा)

आमच्याकडे गोदाम जमिनीच्या पोटात असायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. तिथली माती अशी की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, कारण आत हवा कोंडलेली असते. आधी दोरीने पेटता कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं. आजोबांबरोबर मी हे एकदा पाहिलंय. कंदील खाली जाताना बोलणारी माणसं गप्प झाली होती, एवढंच लख्ख आठवतं.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि फार नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा आनंद आहेच. पण ती जिथे मुरायची ती जागाही जपायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

*

(वारजे)

छोटीशी भर. मीही मट्टांचेरीला गेले होते, पण घाईत एका दुकानातून दालचिनी घेतली, ती जाडी साल निघाली. खऱ्या दालचिनीची नळी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली असते आणि बोटांनी चुरते. जाड, टणक, एकाच थराची असेल तर ती तज. आमटीला चालते, पण दालचिनी म्हणून तिचे पैसे देऊ नका.

*

(मार्केट यार्ड)

आमची तिसरी पिढी मिरची-मसाल्यात. आजोबांची पेढी नाना पेठेत होती, खाली गोदाम, वर बिऱ्हाड. आजोबा मिरची आधी कानाशी नेऊन हलवायचे. बी खुळखुळलं तर वाळली, नाही तर परत उन्हात. मग देठ पाहायचे, मग मोडून वास. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला जोरदार, तिखटाला बेताची, गुंटूर तिखटाला. गिऱ्हाइकाच्या घरात माणसं किती, कोल्हापूरकडची की कोकणातली, हे विचारून ते दोन्हींचं प्रमाण सांगत. आता आम्ही मिरची शीतगृहात ठेवतो. रंग टिकतो, नुकसान कमी होतं, आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. मात्र कानाशी मिरची नेणारा मुलगा आमच्या घरात आता उरला नाही. मी शिकलो नाही, ती चूक माझी.

हडपसरच्या ताई, तुमच्या वडिलांसारख्या माणसांच्या भरवशावर आमचं घर चाललं. फळ्यांवरची पोती आणि हातभर मोकळी भिंत आमच्याकडेही तशीच होती.

नाना पेठेतला तो वाडा अजून उभा आहे. खालच्या गोदामात आज गाड्यांचे सुटे भाग विकतात. तीसेक वर्षं झाली तिथे मिरचीचं पोतं आलेलं नाही. तरी जून-जुलैत झड लागली की तुळया ओल धरतात आणि दुकानातल्या पोरांना शिंका येतात.

*

(धागा काढणारी)

काका, यंदा झड लागली की आम्हाला तिथे न्याल का? हडपसरच्या ताईंनाही विचारते, आई येऊ शकतील तर त्यांनाही घेऊन या. रिक्षाचं मी बघते.