मदत हवी आहे: कपॅसिटी असेसमेंटमध्ये (निर्णयक्षमतेच्या तपासणीत) मुलगाच दुभाषी होता, पुन्हा असेसमेंट कशी मागू?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये माझ्यासारखं सोशल वर्कर म्हणून काम करणारं इथे कुणी आहे का? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

ऐंशी ओलांडलेल्या एक मराठी आजी खुब्याचं हाड मोडल्यामुळे हॉस्पिटलमध्ये आहेत. डिमेन्शियाचं निदान आधीच झालंय. त्यांना घरी जायचंय, मुलगा केअर होमवर ठाम आहे. असेसमेंटमध्ये दुभाषी तोच होता. निष्कर्ष: धोक्यांचा साधकबाधक विचार करता येत नाही, म्हणून कपॅसिटी नाही. आजींनी त्या दिवशीची तारीख चुकीची सांगितली, याचीही ठळक नोंद.

नंतर मी मराठीत बोलले, तर आजी स्वतःहून म्हणाल्या, "गॅस बंद करायचा राहतो गं माझ्याकडून, तो काढूनच टाका. डबा लावा. आणि पलंग खाली आणा, जिना आता झेपायचा नाही." यापेक्षा वेगळा साधकबाधक विचार तो कोणता?

मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ च्या पहिल्याच कलमात आहे की निर्णय घ्यायला शक्य ती सगळी मदत केल्याशिवाय माणसाला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही, आणि निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरूनही नाही. कलम ३ प्रमाणे माहिती थोडाच वेळ लक्षात राहिली तरी चालते. मग तारखेचा घरी जाण्याच्या निर्णयाशी संबंध काय?

मुलगा म्हणतो, "माझ्याकडे पॉवर ऑफ अटर्नी आहे." कागद पाहिला तर तो फक्त मालमत्ता आणि पैशांपुरता, आईनं कुठे राहायचं हे त्यावर ठरत नाही. त्याला मी वाईट म्हणत नाही, रात्री-अपरात्री फोन आला की धावत जाणारा तोच आहे. पण ज्याला एकच उत्तर हवंय, त्यानं दुभाषी होऊ नये.

मला अडलंय ते असं. मी स्वतः मराठीत असेसमेंट केली तर चालेल, की मला भाषा येत असूनही बाहेरचा दुभाषी घ्यावा, म्हणजे उद्या प्रकरण कोर्ट ऑफ प्रोटेक्शनपर्यंत (निर्णयक्षमता नसलेल्यांबद्दल निकाल देणारं कोर्ट) गेलं तरी नोंद टिकेल? शिवाय मुलगा आहे म्हणून स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, आजींची बाजू मांडणारी तटस्थ व्यक्ती) मिळणार नाही, असं वॉर्डवर सांगतात. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम ६७ खाली आजींची बाजू मांडायला मुलगा योग्य व्यक्ती नाही, असं लेखी देऊन कुणी ॲडव्होकेट मिळवलाय का?

डिस्चार्जची मीटिंग गुरुवारी आहे आणि बेड रिकामा करायची घाई चाललीय. दुभाष्यासोबत अशी असेसमेंट केलेल्यांनी प्रश्न कसे विचारले आणि उत्तरं कशी नोंदवली, तेवढं तरी त्याआधी लिहा.