मदत हवी आहे: अमेरिकेत काँग्रेसने मंजूर केलेला निधी खात्याने रोखून धरला, तर काय करता येतं?

सावली७
अमेरिकेतल्या एका छोट्या ना-नफा संस्थेसाठी विचारते आहे. फेडरल खात्याचं दोन वर्षांचं अनुदान आहे. आधी खर्च करायचा, मग बिल लावायचं, अशी पद्धत. लावलेल्या दोन बिलांना आज ६८ आणि ४१ दिवस झाले. पोर्टलवर नुसतं 'तपासणी सुरू' दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या रकमेचं पत्र आलेलं नाही. प्रोग्राम ऑफिसर म्हणतात, "वरून काही कळलेलं नाही." काँग्रेसने तर पैसे मंजूर केलेत. १९७४ च्या इम्पाउंडमेंट कंट्रोल ॲक्टवर (मंजूर निधी सरकारने रोखून धरण्याला, म्हणजे इम्पाउंडमेंटला, आवर घालणारा कायदा) बोट ठेवून थेट कोर्टात जाता येतं का?

हिशेबनीस
थेट नाही. पण त्याआधी अडकलेली बिलं आणि दुसऱ्या वर्षाची रक्कम हे दोन्ही पैसे वेगळे करा, कारण कायदा, पत्र आणि कोर्ट हे सगळं त्यावर ठरतं. अवॉर्डच्या, म्हणजे दिलेल्या अनुदानाच्या, नोटिशीत दोन आकडे असतात: एकूण मंजूर रक्कम आणि या नोटिशीने 'ऑब्लिगेट' झालेली रक्कम. दुसरा आकडा बघा. तेवढ्याच पैशांची जबाबदारी सरकारने अंगावर घेतलेली असते. बाकीची रक्कम म्हणजे पुढच्या वर्षीचा इरादा. बरेच जण पहिला आकडा धरून माणसं नेमतात आणि अडकतात.

अडकलेली बिलं ऑब्लिगेट झालेल्या रकमेतली असतील, तर इम्पाउंडमेंट हा शब्दही काढू नका. तिथे फेडरल अनुदानांच्या नियमावलीतलं कलम, २ सीएफआर २००.३०५, पुरतं: परतफेडीची मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे, मागणी चुकीची असल्याचा रास्त संशय असेल तरच थांबायचं. पत्र ग्रँट्स मॅनेजमेंट ऑफिसरला लिहा. प्रोग्राम ऑफिसरला फक्त प्रत, कारण पैशाच्या बाबतीत त्यांची सही चालत नाही. अवॉर्ड क्रमांक, प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम, पोर्टलचा स्क्रीनशॉट जोडा आणि एकच प्रश्न विचारा: कोणत्या कलमाखाली थांबवलं आहे? बिलात खोट असेल तर कोणत्या ओळीत, आणि अटभंगासाठी २००.३३९ लावलं असेल तर त्याची नोटीस कुठे आहे? 'तपासणी सुरू' हे उत्तर यातल्या कशातच बसत नाही.

खडूफळा
दुसऱ्या वर्षाच्या रकमेबद्दल लिहितो. तिथे मात्र १९७४ चा कायदा लागतो. त्याआधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पाणी प्रदूषणाच्या कायद्यातले १९७३ चे ५ अब्ज डॉलर २ अब्जांवर आणि १९७४ चे ६ अब्ज ३ अब्जांवर आणले होते. 'ट्रेन विरुद्ध सिटी ऑफ न्यूयॉर्क' या खटल्यात १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या कायद्याने अशी काटछाट करायची मुभा दिलेली नाही.

आज सरकारपुढे दोनच रस्ते आहेत. निधी कायमचा रद्द करायचा तर राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला विशेष संदेश पाठवतात. त्यात खातं, रक्कम, कारण, परिणाम सगळं द्यावं लागतं. त्यानंतर सत्राच्या सलग ४५ दिवसांपुरता निधी धरून ठेवता येतो. त्या मुदतीत काँग्रेसने रद्द करणारा कायदा केला नाही, तर निधी सोडायचाच. जुलै २०२५ मध्ये असा सुमारे ९ अब्ज डॉलरचा कायदा खरोखर झाला, म्हणजे रस्ता वापरात आहे. दुसरा रस्ता तात्पुरत्या स्थगितीचा. तिथेही संदेश हवा, आणि कारणं तीनच: अकल्पित अडचणीची तजवीज, गरज बदलल्याने वा कार्यक्षमतेने होणारी बचत, किंवा एखाद्या कायद्याने स्पष्ट दिलेली मुभा. 'नव्या सरकारचं धोरण वेगळं आहे' हे यात नाही. २०१९ मध्ये युक्रेनच्या मदतीतले २१.४ कोटी डॉलर याच कारणाने धरले होते. जानेवारी २०२० मध्ये जीएओने, म्हणजे काँग्रेसच्या लेखापाल संस्थेने, ते बेकायदा ठरवलं.

खातं मात्र तिसरंच उत्तर देईल: 'प्रोग्रामॅटिक डिले'. अर्ज कमी आले, नियम बदलायला वेळ लागतोय, वगैरे. खातं खर्चाच्या दिशेने खरंच चालत असेल आणि अडथळा बाहेरचा असेल, तर हे इम्पाउंडमेंट नाही. म्हणून "वरून काही कळलेलं नाही" हे वाक्य ईमेलवर मिळवा. फोनवरच्या बोलण्याचा टिपण करून "आपण असं सांगितलंत, बरोबर ना?" एवढंच पाठवलं तरी चालतं.

मार्चअखेर
बाळबोध प्रश्न. आपल्याकडे खर्च न झालेला निधी ३१ मार्चपूर्वी समर्पित करतात, कुणी कोर्टात जात नाही. तिथे एवढं का?

खडूफळा
आपल्याकडे विनियोजन कायदा म्हणजे 'एवढ्यापर्यंत खर्च करा' अशी परवानगी समजतात. बचत दिसली की ती परत करायची, असा नियमच आहे. तिथे तरतूद हा बहुतेक वेळा हुकूम धरतात. बहुतेक वेळा म्हणालो, कारण ढोबळ एकरकमी तरतुदीत खात्याला बरीच मोकळीक असते ('लिंकन विरुद्ध व्हिजिल', १९९३). समितीच्या अहवालात तुमच्या कार्यक्रमाचं नाव असून भागत नाही, कायद्याच्या मजकुरात हवं. सावली७, हे आधी तपासा.

सावली७
तपासलं. कायद्यात कार्यक्रमाचं नाव आणि रक्कम दोन्ही आहेत, भाषा 'शॅल' ची, म्हणजे 'द्यावेच' अशी, आहे. मग दावा कोणी करायचा?

कलम_कसाई
गाडी अडते ती इथेच. १९७४ च्या कायद्याखाली दावा करायचा अधिकार जीएओच्या प्रमुखांना दिला आहे, तोही काँग्रेसला कळवून २५ दिवस थांबल्यावर. १९७५ मध्ये घरांच्या निधीसाठी असा दावा झाला होता, पण निकालाआधीच पैसे सुटले. अनुदान घेणारे एपीए, म्हणजे प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा, धरून फेडरल जिल्हा कोर्टात जातात. पण २६ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की १९७४ चा कायदा असे दावे रोखतो असं सरकारने पुरेसं दाखवलं आहे. परदेशी मदतीचे ४ अब्ज डॉलर त्यामुळे अडकले. आदेश अंतरिम आहे, पण वकील तो पहिल्या भेटीत काढेल.

अवॉर्डच रद्द झालं तर वेगळंच. त्याचे पैसे मागायचे तर बहुधा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स, म्हणजे फेडरल सरकारवरच्या पैशांच्या दाव्यांचं कोर्ट. २०२५ च्या एप्रिल आणि ऑगस्टमधल्या आदेशांचा रोख तोच आहे. तिथे पैसे मिळू शकतात, कार्यक्रम पुन्हा सुरू होईलच असं नाही. चुकीच्या कोर्टात सहा महिने गेले की संस्था बुडते.

हिशेबनीस
म्हणून आधी स्वस्तातला मार्ग. तुमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींच्या आणि दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयांत केसवर्कर, म्हणजे लोकांची सरकारी कामं मार्गी लावणारे कर्मचारी, असतात. एका पानात लिहा: कायद्याचं कलम, रक्कम, ट्रेझरी अकाउंटचं चिन्ह (निधी कोणत्या सरकारी खात्यातून येतो ते सांगणारं; यूएसएस्पेंडिंग या सरकारी खर्चाच्या वेबसाइटवर अवॉर्ड शोधला की मिळतं), शेवटच्या पत्राची तारीख. तीच माहिती जीएओला कळवायची विनंती करा. २०२५ मध्ये ईव्ही चार्जिंग, हेड स्टार्ट (गरीब घरांतल्या लहान मुलांचा कार्यक्रम), एनआयएच (आरोग्य संशोधन संस्था) अशा प्रकरणांत जीएओने खात्यांविरुद्ध निर्णय दिले. ते खात्याला बांधत नाहीत, पण वकिलाच्या हातात कागद येतो.

दुसरं वर्ष ऑब्लिगेट होईपर्यंत त्याच्या भरवशावर पगार, भाडं काही बांधू नका. अवॉर्ड थांबवल्यावर केलेला खर्च सहसा मान्य होत नाही. रद्दची नोटीस आलीच तर तिच्यात दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवा. अंतिम अहवाल आणि शेवटची बिलं १२० दिवसांत.

कलम_कसाई
आणि तारीख. निधी एका वर्षाचा असेल तर ३० सप्टेंबरनंतर, म्हणजे तिथलं आर्थिक वर्ष संपल्यावर, त्यातून नवं अनुदान देता येत नाही. ऑगस्ट २०२५ अखेर ४.९ अब्ज डॉलर रद्द करायचा संदेश असाच गेला: ४५ दिवस संपण्याआधी वर्षच संपलं. जीएओच्या मते ही युक्ती बेकायदा आहे, पण तेवढ्याने घड्याळ थांबत नाही. मुदत संपण्याआधी दावा दाखल असेल तर कोर्ट निधी जिवंत ठेवू शकतं. नंतरच्या दाव्याला तो आधार नाही. तेव्हा निधी एका वर्षाचा, दोन वर्षांचा की बेमुदत, हे कायद्यातल्या 'या तारखेपर्यंत उपलब्ध' या ओळीत बघा आणि इथे लिहा.

सावली७
'३० सप्टेंबरपर्यंत' असंच आहे, म्हणजे एकच वर्ष. ग्रँट्स ऑफिसरला पत्र आज जातंय, केसवर्करला उद्या. वकिलाची वेळ याच आठवड्यात घेते.