मदत हवी आहे: ट्रेनिंग देऊन प्लेसमेंट करणाऱ्या कंपनीतून बाहेर पडायचंय, पण ओरिजिनल मार्कशीट आणि आबांचा चेक त्यांच्याकडे आहे

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली. गेल्या वर्षी उमवितून (जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) एमसीए झाले आणि जुलैपासून पुण्यात आहे. पंधरा दिवसांपासून हे लिहायचं म्हणतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका. माझ्या बॅचमधली मुलं अजून तिथेच आहेत.

या कंपनीचं काम असं चालतं: पदवीधर घ्यायचे, तीन-चार महिने शिकवायचं आणि मग दुसऱ्या कंपनीत, म्हणजे क्लायंटकडे, कामाला पाठवायचं. क्लायंट आपल्या कामाचे पैसे त्यांना देतो, ते आपल्याला पगार देतात. आमच्याकडून ट्रेनिंगची फी घेतली नाही. त्याऐवजी दोन वर्षांचा बाँड आहे आणि मध्येच सोडलं तर दीड लाख भरायचे. जॉइन होताना दहावीपासूनच्या सगळ्या ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतल्या आणि वडिलांच्या खात्याचा सही केलेला एक कोरा चेक घेतला. आबा तेव्हा माझ्यासोबत पुण्याला आले होते. सही करताना त्यांनी एकदाच विचारलं, "हाई कशाले?" तिथल्या मॅडम म्हणाल्या, फॉर्मॅलिटी आहे काका.

ट्रेनिंग वाईट नव्हतं, हे मला आधी सांगायचंय. उलट ते चार महिने माझ्या शिक्षणातले सगळ्यात चांगले महिने होते. एमसीएला जावा शिकले ते परीक्षेपुरतं. इथे पहिल्यांदा आठ जणांनी एकाच कोडवर काम केलं, एकमेकांचं काम गिटवर (सगळ्यांचा कोड एकत्र ठेवायचं साधन) बिघडवलं आणि रात्री बसून जुळवलं. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकवणारे सर क्वेरी, म्हणजे त्या भाषेतला प्रश्न, चालवायच्या आधी विचारायचे, किती ओळी येतील सांगा. अंदाज चुकला की का चुकला ते सगळ्यांसमोर फळ्यावर मांडायला लावायचे. मला मराठी माध्यमाची भीती होती, ती त्या फळ्यापाशीच गेली. त्या सरांबद्दल माझ्या मनात आजही फार आदर आहे. तेव्हा स्टायपेंड आठ हजार होता. कॉट बेसिसवर राहायचे, घरून पीठ आणि कळण्याच्या भाकरीसोबत खायला ठेचा यायचा, भागायचं.

नोव्हेंबर ते जानेवारी क्लायंटकडे होते, पगार अठरा हजार. खरं काम होतं, मी मनापासून केलं. जानेवारीअखेर तो प्रोजेक्ट बंद झाला आणि आम्ही अकरा जण बेंचवर आलो, म्हणजे कंपनीत आहोत पण क्लायंटचं काम नाही. पगार पुन्हा आठ हजारांवर.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला सहन होत नाहीये. फेब्रुवारीत आमचं "प्रोफाइल बनवलं". माझ्या रेझ्युमेवर आता तीन वर्षांचा अनुभव आहे, तोही मी कधी पाय न ठेवलेल्या एका कंपनीतला. त्या कागदाप्रमाणे २०२३ च्या जानेवारीत मी हिंजवडीत डेव्हलपर होते. खरं तर तेव्हा मी अमळनेरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. रोज सकाळी मॉक इंटरव्ह्यू होतो आणि त्यात ती खोटी गोष्ट पाठ आहे का ते तपासतात. टीम लीडचं नाव काय होतं, टीममध्ये किती जण होते, प्रोजेक्टमध्ये सगळ्यात अवघड काय गेलं. मागच्या आठवड्यात एका खऱ्या क्लायंटच्या इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "तीन वर्षांत तुला सगळ्यात जास्त कशाने शिकवलं?" मला बोलताच आलं नाही. त्यात रिजेक्ट झाले म्हणून मॅनेजर बारा जणांसमोर बोलले.

मला सोडायचंय. पण गेल्या सप्टेंबरच्या पावसात आमचा कापूस शेतातच सडला, दीड लाख आबांकडे मागणं शक्यच नाही. घरी अजून काहीच सांगितलेलं नाही. आबा सगळ्यांना सांगतात की आपल्या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि आता आपली पोरगी पण आयटीत आहे. गावात कित्येकांकडे त्या कंपनीचे जुने शेअर आहेत, आमच्याकडे नाहीत. माझी नोकरी हाच त्यांचा शेअर.

तर मला विचारायचंय ते हे. असा बाँड कोर्टात टिकतो का? मार्कशीट परत कशा मिळवायच्या? त्या चेकचं काय होऊ शकतं? आणि खान्देशातून अशा कंपन्यांत गेलेले कोणी इथे असतील, तर तुमचं पुढे काय झालं ते खरं खरं सांगा. सात महिन्यांचं खरं ट्रेनिंग आणि काम एवढ्या भांडवलावर, खोटं न लिहिता, नोकरी मिळते का?

तापीकाठ:
ताई, मी भुसावळचा. २०२१ मध्ये अशाच एका ठिकाणी होतो. मी ते प्रोफाइल वापरलं आणि क्लायंटकडे लागलो. पाच महिने छान गेले. मग क्लायंटने मला स्वतःच्या पेरोलवर घ्यायचं ठरवलं आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी, लावलं. पीएफ खात्याचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी एकच असतो, त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या कंपनीत कधी लागलो ते दिसतं. आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये पगारावर टीडीएस (पगारातूनच कापलेला कर) कोणी कापला तेही दिसायचं. माझ्या कागदावरची तीन वर्षं त्यात कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप जमा करायला लावला. ज्या कंपनीने ते प्रोफाइल बनवलं ती म्हणाली, रेझ्युमे उमेदवारानेच दिलाय, आमचा संबंध नाही.
ते शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. अडकायची वेळ आली की सही तुमचीच असते.
नंतर आठ महिने घरी होतो. मग जळगावात एका छोट्या फर्ममध्ये चौदा हजारांवर लागलो, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम. तिथून दोन वर्षांनी पुन्हा पुण्यात आलो. आता बरं चाललंय, पण त्या पाच महिन्यांबद्दल कुठल्याच इंटरव्ह्यूत बोलता येत नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पांझरेकाठी:
माझं मत वेगळं आहे. धुळ्याहून आमच्या बॅचचे नऊ जण अशाच कंपनीतून लागले आणि आज सगळे स्थिर आहेत. आपल्याकडच्या कॉलेजांत मोठ्या कंपन्या येत नाहीत, फ्रेशर म्हणून रेझ्युमे टाकला तर कोणी उघडूनही बघत नाही. दोन वर्षं काढ, बाँड संपव, मग मोकळी. भावनेच्या भरात राजीनामा देऊ नकोस.

धागाकर्ती:
दादा, बाँड पुरा करायला माझी ना नाही. बेंचवर आठ हजारांत दोन वर्षं काढायचीही तयारी आहे. मी मॅनेजरना तसं म्हटलंही, की मला फ्रेशर म्हणूनच पाठवा. ते म्हणाले, फ्रेशरसाठी क्लायंट पैसे देत नाहीत. म्हणजे खोटं बोलल्याशिवाय तिथे मला कामच नाही.

काळा कोट:
मी जळगावला वकिली करते. सविस्तर लिहिते, कारण बाँडबद्दल दोन्ही टोकांची चुकीची माहिती फिरते.
"बाँडला काही अर्थ नसतो" हे खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली. पण ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च, पुन्हा भरती करावी लागण्याचा त्रास हे सगळं तिथे विचारात घेतलं गेलं. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवतं. तुमच्या बाबतीत त्यांनी ट्रेनिंगवर खरंच खर्च केलाय, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. त्यामुळे "एक रुपयाही देणार नाही" अशी भूमिका घेऊ नका. पण खोट्या अनुभवावर इंटरव्ह्यू द्यायला लावणं ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. ते बदललेले रेझ्युमे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सूचना, ईमेल आजच जपून ठेवा. मोबाइल बदलू नका.
मार्कशीट ही तुमची मालमत्ता आहे. "व्हेरिफिकेशन झालं आहे, मूळ कागद परत द्यावेत" असा साधा ईमेल करा, भांडणाची भाषा नको. कोणी सुचवेल की हरवल्या म्हणून प्रतिज्ञापत्र करून विद्यापीठातून डुप्लिकेट काढा. ते अजिबात करू नका, खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.
आता चेक. इथे मला काळजी वाटते. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा १८८१ चं कलम १३८ लागतं, आणि ते ज्याची सही आहे त्याच्यावर. म्हणजे नोटीस आली तर ती तुमच्यावर नाही, आबांवर येईल. बँकेला स्टॉप पेमेंट, म्हणजे चेक वटवू नका असं, सांगितलं तरी केस होऊ शकते, त्यामुळे एकटं स्टॉप पेमेंट पुरेसं नाही. हा चेक केवळ सुरक्षा म्हणून दिलेला होता आणि आज काही देणं नाही, हे कंपनीला लेखी कळवलेलं असलं पाहिजे. नोटीस आलीच तर पंधरा दिवसांत पैसे भरायची मुदत असते, त्याच्या आत वकिलामार्फत उत्तर द्यायचं. घरात कोणाला माहीत नसताना ती नोटीस गावी गेली आणि फळीवर पडून राहिली, असं मी दोनदा पाहिलंय. म्हणून आबांना आधी सांगा.
पैशांची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पुण्यात किंवा जळगावात जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

धागाकर्ती:
मॅडम, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. नोटीस आबांवर येईल हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. शनिवारी ट्रॅव्हल्सने घरी आले.
आबांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, बैलांना चारा टाकायला गेले. परत येऊन म्हणाले, "खोटं बोलीसन भेटेल पैसा आपले नको." मग आईने विचारलं की पोरगी किती दिवस असं एकटीनेच सोसत होती, आणि मला रडू आलं.
रविवारी मार्कशीटसाठी ईमेल केला. बुधवारी उत्तर आलं, येऊन घेऊन जा. काल मिळाल्या, सगळ्या, पोचपावतीवर सही करून. चेकबद्दल मात्र एचआर म्हणतात की तो अकाउंट्सकडे आहे आणि बाँड संपल्यावरच मिळेल. आज पुण्यात विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आले, गुरुवारी वकील बाई भेटणार आहेत. राजीनामा त्यांच्याशी बोलूनच देईन.
रेझ्युमे पुन्हा खरा लिहिलाय. एक पान पण भरत नाही. तापीकाठ दादा, जळगावातल्या ज्या फर्मचं तुम्ही लिहिलंत, तिथे अजून नवीन मुलं घेतात का? आणि कोणाला सिक्युरिटीचा चेक बाँड संपायच्या आत परत मिळाला असेल, तर पत्र कोणत्या शब्दांत लिहिलं होतं ते गुरुवारच्या आत सांगू शकाल का?