मनिलात स्वस्त आणि पोटभर

काही जण म्हणतात की फिलिपिनो जेवण म्हणजे नुसतं डुक्कर आणि सगळं गोडमिट्ट. गोडाचं थोडंफार खरं आहे, त्यांची स्पॅगेटीसुद्धा गोड असते! पण एखाद्या कॅरिंदेरियात, म्हणजे तिकडच्या खानावळीत, जेवून बघा. पातेली मांडलेली असतात, हवं त्याकडे बोट दाखवायचं, सोबत भाताची मूद. सिनिगांग जरूर घ्या. चिंचेचं आंबट, पातळ सार, त्यात मुळा, पालेभाजी, लांब हिरवी मिरची आणि मासा किंवा कोळंबी. कोकणातल्या माणसाला अजिबात परकं वाटणार नाही. तिखट मात्र बेताचंच. व्हिनेगरमध्ये मिरची चुरडून आपली सोय आपणच करायची.

चेनमध्येच जायचं तर मांग इनासाल, २००३ साली फिलिपिन्समधल्याच इलोइलो शहरात सुरू झालेली. कोळशावर भाजलेली कोंबडी, वर पिळायला कालामान्सी लिंबू, आणि भातावर ओतायला पिवळंजर्द कोंबडीचं तेल. अनलिमिटेड भात घेतलात तर मागाल तितका वाढतात.

शाकाहारींनो, भाजी दिसली म्हणून हुरळू नका. पिनाकबेतमध्ये वांगी, भोपळा, भेंडी, कारलं सगळं असतं, पण चव येते ती बागूंगची, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची नाहीतर मासळीची. आधी विचारून घ्या.