मदत हवी आहे: दुकानदाराला दम दिला, तक्रार कोणत्या कलमात बसते?

राजेहो, जरा कायद्यातलं सांगा. वरुडजवळ आमचा संत्र्याचा बगीचा. माझ्या साळ्यानं ठिबकचा फिल्टर आपोआप धुणारा व्हॉल्व्ह बनवला, जुन्या फवारणी पंपाच्या स्प्रिंगवर. गाळ भसकन बाहेर! कृषी केंद्रवाल्यानं चार नग ठेवले. ठिबकच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, "हे ठेवलं तर आमचा माल बंद." चारही खोक्यासकट परत.

स्पर्धा कायदा 2002, कलम 4: ग्राहकाचं नुकसान करून तांत्रिक विकास अडवणं म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर. पण आधी बाजारातलं वर्चस्व दाखवावं लागते. मग कलम 3(4) (कंपनी-विक्रेत्यातले स्पर्धा मारणारे करार, जसं 'दुसऱ्याचा माल ठेवू नको') धरू का? दुकानदार लिहून देत नाही (त्यालाही पोट आहे). नुसत्या तोंडी धमकीवर दिल्लीचा स्पर्धा आयोग ऐकेल का?